मदत हवी आहे: श्रीलंकेतल्या रोगसंशोधनाचा आलेख २०१४ला उडी मारतोय

एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी मलेरिया, डेंगी आणि लेप्टोस्पायरोसिसवरचे श्रीलंकेतले शोधनिबंध वर्षवार मोजतेय, २००० ते २०२३. तिथे २०१२नंतर मलेरियाचा स्थानिक संसर्ग जवळपास नाहीच, २०१६मध्ये डब्ल्यूएचओचं मलेरियामुक्तीचं प्रमाणपत्रही मिळालं. तेव्हा मलेरियाचे निबंध घटावेत, डेंगीचे वाढावेत (२०१७ची साथ तर प्रचंडच होती), असा माझा अंदाज.

पण पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांची मोफत ऑनलाइन सूची) लेखकांच्या संस्थेच्या पत्त्याच्या रकान्यात 'श्रीलंका' टाकलं की २०१४च्या सुमारास सगळेच आलेख वर जातात. कारण कळलंय: त्याआधी पबमेड फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवायचं, नंतर सगळ्यांचे यायला लागले. म्हणून शीर्षक-सारांशात देशाचं नाव शोधून पाहिलं. त्यात प्रयोगशाळेतलं बरंच काम निसटतं आणि दक्षिण आशियाचे सरसकट आढावे मात्र ढिगाने येतात.

स्थानिक नियतकालिकं 'श्रीलंका जर्नल्स ऑनलाइन'वरून वेगळी काढलीत, त्यांची अडचण नाही. कॉलेजकडे स्कोपस (शोधनिबंधांची सशुल्क सूची) नाही. प्रोग्रॅमिंगमध्ये मला आर येतं, पायथन नाही.

सगळ्या वर्षांसाठी फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता धरला, तर परदेशी पहिला लेखक असलेलं संयुक्त काम गळेल. परीक्षकांना ते चालतं का? की ओपनअलेक्सवरचे (शोधनिबंधांची दुसरी मोफत सूची) २०१४पूर्वीचे सहलेखकांचे पत्ते भरवशाचे आहेत? कोणी ताडून पाहिलेत का?