संरक्षक ताइताला निव्वळ अज्ञान म्हणावे का?

मूळ मत
लोकजादूचा इतिहास बहुधा भाबडेपणाची जंत्री म्हणून लिहिला जातो, आणि मला तो अन्याय वाटतो. मेसोपोटेमियात लमाश्तू ही गर्भवतींना छळणारी व तान्ही बाळे पळवणारी राक्षसी मानली जाई. तिला पिटाळण्यासाठी पझुझू या तितक्याच भयंकर राक्षसाच्या मस्तकाचा ताईत वापरत. बाळ दगावण्यापासून वाचवण्याचे साधनच हाती नसताना आईने हा आधार शोधला, यात हसण्यासारखे काय आहे? मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर पाहिले की किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यातील मासेमारीला जादू लागत नसे. जिवावर बेतणाऱ्या खुल्या समुद्रातील मासेमारीला मात्र सविस्तर विधी असत. आपले कौशल्य कुठवर पुरते, याचे भान त्या लोकांना पक्के होते.

प्रतिसाद : असहमत
आपण ताईत बांधणाऱ्या आईकडे पाहता, पण त्याच समजुतीने जिला चेटकीण ठरवले तिच्याकडे पाहत नाही. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये दगडी मातीच्या बाटलीत बाधा झालेल्याचे मूत्र, वाकवलेल्या टाचण्या, खिळे आणि केस भरून ती पुरत किंवा तापवत, म्हणजे चेटूक करणारीला लघवी करताना असह्य वेदना होतील अशी समजूत होती. 2004 साली लंडनमधील ग्रीनिचमध्ये अशी एक बंद बाटली सापडली. हिला संरक्षण म्हणायचे, पण तिच्यात एका जिवंत बाईवरचा आरोपही भरलेला आहे!

मूळ लेखक
हा आक्षेप वजनदार आहे, तरी तो सर्व ताइतांना लागू होत नाही. लमाश्तू ही अनू या आकाशदेवाची कन्या. तिच्या नावाने कोणा शेजारणीला पकडून नेता येत नव्हते. चेटकीण ठरवलेल्या बायांच्या छळाला बळ दिले ते प्रामुख्याने कायद्याने आणि न्यायालयांनी.

प्रतिसाद : असहमत
कायद्यावर सगळा भार टाकता येणार नाही. 1735 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये चेटकाचे खटले बंद केले आणि जादूची शक्ती असल्याचे ढोंग करणे हाच गुन्हा ठरवला. तरीही 1751 मध्ये हर्टफर्डशायरमधील ट्रिंगजवळ जमावाने रूथ ऑस्बोर्न या वृद्धेला पाण्यात बुडवून मारले, आणि त्यासाठी टॉमस कॉली याला फाशी झाली. तेव्हा न्यायालय बळी गेलेल्या बाईच्या बाजूने उभे होते. तिला चेटकीण ठरवले ते आसपासच्या लोकांनी. त्यांची भीती खरी होती हे मी मान्य करतो, पण तिची किंमत कोणी मोजली हे प्रत्येक ताइताच्या नोंदीत लिहिले गेले पाहिजे.