आई जिवंत, मूल कागदावर अनाथ: कोरियाच्या दत्तक प्रकरणात दोष कुणाचा?

रानजाई:
दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५मध्ये मान्य केलं की परदेशी दत्तक दिलेल्या मुलांच्या नोंदी खोट्या केल्या गेल्या आणि सरकारने तिकडे काणाडोळा केला. आईबाप माहीत असतानाही संस्था मुलाच्या नावाने नवी कुटुंबनोंद काढायच्या, तीत ते मूल एकटंच. तिकडे तिला 'कोआ होजॉक' म्हणतात, अनाथाची कुटुंबनोंद. मूल अनाथ ठरलं की संमती विचारायला कुणी उरत नाही, अमेरिकेचा व्हिसाही सोपा. एखादं मूल वारलं किंवा घरच्यांनी परत नेलं, तर त्याच्याच कागदांवर दुसरं मूल विमानात बसायचं! याला कारकुनी चूक म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचाय; दत्तकांची सगळी जुनी दप्तरं उघडायला हवीत.

साधा_माणूस:
घाला. कोरियन युद्धाने देश बेचिराख झालेला, लग्नाविना आई झालेल्या बाईला माहेरीही थारा नाही. ते पोर अनाथालयात कुजलं असतं. कागद खोटा असेल, घर तर मिळालं ना?

मधुरा७२:
युद्ध थांबलं १९५३ला. सगळ्यात जास्त मुलं गेली १९८५ला, एका वर्षात ८,८००च्या वर. सोलमध्ये तेव्हा ऑलिंपिकची तयारी चालली होती. संस्थांना परदेशी पालकांकडून पैसे मिळत होते, सरकारचा मुलांवरचा खर्च वाचत होता. युद्धाचं कारण किती वर्षं पुरवायचं?

साधा_माणूस:
बरं, पैशाचं मान्य. पण त्या आया आता साठी-सत्तरीत आहेत, कित्येकींच्या घरी हे कुणाला ठाऊकही नसेल. सगळी दप्तरं उघडा म्हणताना त्यांना कोण विचारणार?

रानजाई:
मुद्दा खरा आहे. पण विचारायला ती कागदावर सापडायला तर हवी! परदेशांतल्या दत्तकांकडून आयोगाकडे ३६७ तक्रारी आल्या. आयोगाने ५६ जणांवर अन्याय झाल्याचं मानलं आणि ४२ प्रकरणं कागद अपुरे म्हणून बाजूला ठेवली. ज्यांची तक्रारच कागदांबद्दल, त्यांच्याकडेच कागद मागायचे.

तटस्थ:
सगळं खापर कोरियावर कशाला? घेणारे देशही तेवढेच. कित्येक पालक मूल बघायला तिकडे गेलेही नाहीत, दत्तकविधान प्रतिनिधीमार्फत. अमेरिकेत काहींच्या पालकांनी नागरिकत्वाचे सोपस्कारच केले नाहीत, आणि मोठेपणी गुन्ह्यात सापडलेल्यांना कोरियात पाठवून दिलं. भाषा येत नाही अशा देशात. (अवांतर: पुण्यातल्या एका संस्थेचं दत्तक प्रकरण सीबीआयकडे गेलं होतं, तेव्हा आपणही फार नाकं मुरडू नयेत.)

साधा_माणूस:
राष्ट्राध्यक्ष ली जे-म्यंग यांनी ऑक्टोबर २०२५मध्ये माफी मागितली, परदेशी दत्तकांबद्दलचा आंतरराष्ट्रीय हेग करारही लागू झाला. आणखी काय हवं?

रानजाई:
खरी आई कोण ते हवं. आयोगाने तपास आवरला तेव्हा ती ४२ धरून ३११ तक्रारी तशाच पडून होत्या.