एसटीपीआधी टाक्या उपसा

'एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) झाल्याशिवाय नदी सुधारणार नाही' हे मत अर्धंच पटलं. भुयारी गटार नसलेल्या गावात एसटीपीला सांडपाणी पोचणार कुठून? अशा गावात संडासाची सेप्टिक टँक गाळाने भरली की पाणी आत थांबतच नाही, मैल्यासकट उघड्या गटारात आणि तिथून ओढ्यात. म्हणूनच वाई आणि सिन्नर नगरपालिकांनी तक्रारीची वाट न बघता दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या पाळीपाळीने उपसायची योजना २०१८ च्या सुमारास घेतली. उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रात, खर्च करातून. मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याशी घासाघीस नाही.

आमच्याकडे मात्र बऱ्याच घरांत टाकीच्या झाकणावरच फरशी बसवलीय, काहींनी तर वर न्हाणीघर बांधलंय. उपसायचा पाइप घालणार कुठून? शिवाय मोरीचं साबणाचं पाणी टाक्या उपसून अडत नाहीच, त्याची सोय वेगळी करावी लागेल.