इंजिनिअरिंगची सोडलेली दोन वर्षं फॉर्मात लिहायची का?

म्हापसेकर:
बारावी 2018. मग इंजिनिअरिंगला प्रवेश, चार सेमिस्टरनंतर सोडलं. 2020 ला बीकॉम सुरू, केटीमुळे (राहिलेला विषय पुन्हा द्यावा लागल्यामुळे) 2024 ला पास. मधे चार महिने नोकरी. गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात अकाउंट्सची जागा आहे, शिवाय सरकारी एलडीसीलाही (कनिष्ठ लिपिक) अर्ज करायचाय. सोडलेली वर्षं दाखवायची का? काही जण म्हणतात, नोटरीकडे जाऊन गॅप ॲफिडेव्हिट, म्हणजे शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र, करून टाक.

भरतीवाला:
फॉर्ममधला रकाना नीट वाचा, उत्तर तिथेच आहे. "उत्तीर्ण परीक्षा" विचारल्या असतील तर दहावी, बारावी, बीकॉम, संपलं. "दहावीनंतरचं सर्व शिक्षण" किंवा "प्रवेश घेतलेल्या संस्था" असं असेल तर इंजिनिअरिंगची ओळ हवीच. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, किती सेमिस्टर पास झालात, आणि निकालाच्या जागी "अपूर्ण". "चालू" लिहू नका. पडताळणीवाले कॉलेजला विचारतात आणि तिथून नाव कमी केल्याचं कळतं. मग साधी गोष्ट लबाडी ठरते.

बायोडाटाचं वेगळं. त्याखाली सहसा "वरील माहिती खरी आहे" अशी सही नसते, त्यामुळे काय गाळायचं ते तुम्ही ठरवा. पण 2018 च्या खाली थेट 2024 दिसलं की मुलाखतीत पहिला प्रश्न तोच. एक ओळ टाकून मोकळे व्हा.

आणि बीकॉमचा महिना केटीचा निकाल लागला तोच घाला. पदवीदानाचा नव्हे, सहाव्या सेमिस्टरचाही नव्हे.

कोर्टकचेरी:
ॲफिडेव्हिटच्या फंदात पडू नका. 2018 ते 2020 तुम्ही शिकत होता, तो गॅपच नाही. नोटरीकडच्या तयार मसुद्यात बहुधा "सदर काळात मी कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतला नाही व नोकरी केली नाही" असं वाक्य असतं. त्याखाली सही केलीत तर शपथेवर खोटं बोलल्यासारखं होईल. कंपनीने मागितलंच तर ते वाक्य काढून खऱ्या तारखा घाला.

एलडीसीला बारावी पुरते, म्हणून पदवी लिहायचीच नाही असा शहाणपणा कोणी शिकवला तर ऐकू नका. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई भरतीत पदवीधर चालणार नाही अशी अट होती. एकाने पदवी लपवली. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. इथे तशी अट नसेल तर लपवून मिळणार काय? त्यापेक्षा टायपिंग आणि कोकणीच्या अटीकडे लक्ष द्या.

पीएफ_डेस्क:
त्या चार महिन्यांचं कोणी बोललंच नाही. पीएफ कापला असेल तर ती नोकरी यूएएनवर (तुमच्या कायमच्या पीएफ नंबरवर) आहे, आणि नवी कंपनी तोच नंबर मागते. ईपीएफओच्या (पीएफ संघटनेच्या) मेंबर पोर्टलवर "व्ह्यू" मेनूमध्ये "सर्व्हिस हिस्टरी" उघडा. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख फॉर्मशी जुळायला हवी. सोडल्याची तारीख कोरी असेल तर तुम्ही अजून तिथेच आहात असं दिसतं. जुन्या कंपनीने भरली नसेल तर शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर "मॅनेज" मेनूमधल्या "मार्क एक्झिट"मधून स्वतः भरता येते. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तो नंबर चालू आहे ना बघा.

म्हापसेकर:
इंजिनिअरिंगच्या मार्कशीट जोडायच्या का?

भरतीवाला:
मागितल्या तरच. पण फॉर्म भरताना समोर ठेवा, महिने आठवणीने लिहिले की हमखास चुकतात.