आई-बाबांसाठी चालत फिरता येईल असा भाग सुचवा (पुणे)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. सदाशिव पेठेतली आमची इमारत पुनर्विकासाला जातेय, त्यामुळे दोन-तीन वर्षांसाठी भाड्याचं घर शोधतोय. बाबा ७६, आई ७१. दोघांचा दिवस पायावर चालतो: सकाळी सारसबाग, मग आईची मंडई, आणि बाबांचं लक्ष्मी रोडवरचं पुणे नगर वाचन मंदिर. (१८४८ सालचं ते वाचनालय सोडायचं म्हटलं की बाबा गप्प होतात.)

एका नव्या सोसायटीत घर पाहिलं. जिम, तरणतलाव, सगळं आहे. पण कोथिंबिरीची जुडी आणायची तरी रिक्षा! फुटपाथ मध्येच संपतो, पुढे विजेचा डीपी बॉक्स आणि लावलेल्या दुचाक्या. आई तिथेच म्हणाली, "इथे मी कैदी होईन."

सध्या एरंडवणे, नळ स्टॉप, कोथरूडची आयडियल कॉलनी डोक्यात आहे, कारण मेट्रोने बाबा डेक्कनपर्यंत तरी येतील. तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा: भाजी, औषधं, बँक, बसायला बाक असलेली बाग खरंच दहा मिनिटांत चालत गाठता येते का? आणि कर्वे रस्ता म्हाताऱ्या माणसांना एकट्याने ओलांडता येतो का? मला खरी धास्ती त्याचीच आहे.