ड्युटीवरचे आपण: नागपूरकरांनो, अनुभव लिहा

धंतोलीची

नागपूरच्या लग्नात 'जावई डब्ल्यूसीएलमध्ये (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) आहेत' एवढं सांगितलं की ओळख पुरी होते. जावई खाणीत उतरतात की ऑफिसात बिलं तपासतात, कोणी विचारत नाही. मला नेमकं तेच ऐकायचं आहे. संस्थेचं नाव, हुद्दा, पगार बाजूला ठेवा. आपण अमुक काम करणारा माणूस आहोत, हे तुमच्या अंगात कधी भिनलं? आणि ते बाहेर कशातून दिसतं, कपड्यांतून, बोलण्यातून, की चिडण्यातून?

सुरुवात मीच करते. मी सीए. आमच्यात सगळं सहीपाशी येऊन थांबतं. पास झाले तेव्हा पेढे वाटले, पण दुसऱ्याच्या ताळेबंदावर पहिल्यांदा सही करताना पेन अडलं, तेव्हा खरी सीए झाले. २०१९ पासून प्रमाणपत्रावर १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतःचा क्रमांक, टाकावा लागतो. बँकेतला माणूस तो तपासून बघतो, कागद खरंच मी दिलाय का. नातेवाईक म्हणतात, 'एक नेटवर्थ सर्टिफिकेट दे ना, घरचंच आहे.' मग मी ज्या आवाजात 'आधी कागद पाठवा' म्हणते, तो माझा घरातला आवाज नसतो. आई म्हणते, आली ऑफिसवाली बाई.

नागपुरीत लिहिलं तरी चालेल. उलट बरंच.

अजनीवाला

मालगाडीवर लोको पायलट आहो. लॉबीत साइन ऑन करा म्हंजे हजेरी लावा, दारू तपासाच्या नळीत फुंका, मंग इंजिनवर. चालत्या गाडीत सिग्नल दिसला का असिस्टंट हात करून त्याचा रंग मोठ्यानं बोलते, मी तोच परत बोलतो. दोघांच्याही तोंडून निघाला तवाच तो पाह्यला असं आमच्यात धरतात. आता बायकोले स्कूटरवर घेऊन मेडिकल चौकात उभा राह्यलो तरी तोंडातून 'लाल' निघते. ते मांगून म्हनते, 'लाल. पुढे?'

कॉलनीत नवे भाडेकरू आले का त्यायले वाटते हा मानूस बेकार आहे, भर दुपारी झोपून राह्यते. रात्री दोन वाजता डबा घेऊन निघताना कोन पाह्यते बाप्पा.

मिहानी

अजनीवाले भाऊ, एक नंबर!

माझं उलटं झालं. पुण्यात लागलो तेव्हा कॉलवर 'करून राहिलो' म्हटलं की टीम हसायची. मग 'करतोय' शिकलो. आता नागपूरला मिहानमध्ये परत आलोय, आजूबाजूला सगळे नागपूरचे, अर्धं बोलणं हिंदीत. तरी मीटिंग सुरू झाली की तो पुणेरी आवाज आपोआप चढतो. मला तो ढोंग वाटत नाही. वकिलाला कोट असतो, मला हा आवाज.

खरा गोंधळ बेंचवर असताना झाला. प्रोजेक्ट संपलेला, गळ्यात कार्ड आहे, पगारही येतोय, पण सकाळी लॉगिन करून करायचं काय? शेजारच्या काकांना 'आयटीत आहे' सांगताना मलाच खोटं वाटायचं. त्या काळात कंपनीचं नाव सांगणं सोडलं आणि 'मी डेटाबेसचं काम करतो' असं सांगायला लागलो. पुढे कंपनी बदलली, वाक्य बदलावं लागलं नाही.

ब्रदर

मी सरकारी दवाखान्यात अधिपरिचारक, म्हणजे नर्स. तुम्हा सगळ्यांचं छान आहे, पण मला ओळख घरी न्यायची नाही. ड्रेस लॉकरमध्ये, मी गाडीवर. सोसायटीत कोणाला माहीत नाही मी काय करतो. कळलं तर रात्री बारा वाजता बीपी मोजायला बोलावतील.

खांबावरची

महावितरणमध्ये तंत्रज्ञ आहे, ग्रामीण भागात. मला सविस्तर लिहायचं आहे, कारण माझं काम लोकांना दिसतं, मी दिसत नाही.

पहिल्या वळवाच्या वादळात फीडर ट्रिप झाला, म्हणजे गावांकडे जाणारी मुख्य लाइन आपोआप बंद पडली. गाडीवरून उतरले तर शेतकरी माझ्या मागे रस्त्याकडे बघतायत. 'ताई, लाइनमन कुठं राह्यला?' मी म्हटलं, मीच. त्यांचा विश्वास नाही, आणि मला वाद घालायला वेळ नाही. आधी उपकेंद्रातल्या ऑपरेटरकडून परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी, मग एबी स्विच उघडून लाइन तोडायची, डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग करायचं, म्हणजे तारेतली उरलीसुरली वीज जमिनीत जाते. त्याशिवाय हात लावायचा नाही, मग गाव कितीही ओरडो. त्या दिवशी एक काका म्हणाले, 'आमचा जुना लाइनमन तर असाच चढे.' मी म्हटलं, मी नाही चढणार. जम्पर, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, तुटला होता, तो जोडला, उतरले, परमिट परत केलं, लाइट आली.

माझ्या मते माझी ओळख चढण्यात नाही, न चढण्यात आहे. अर्थिंगशिवाय चढणाऱ्याला लोक बहाद्दर म्हणतात. ती बहादुरी मला नको. ४ मार्चला लाइनमन दिवस असतो, तेव्हा सत्कारात मला पुढे उभं करतात, फोटो निघतो. त्यापेक्षा मला हे आवडतं की आता त्या गावात डीपीवरचा फ्यूज उडाला की थेट माझ्या नंबरवर फोन येतो. आणि तोच काका फोनवर दुसऱ्याला सांगताना ऐकला, 'थांब, तिचं परमिट होऊ दे.'

रामटेककडचा

शिक्षक. आमच्याकडे २००० साली शिक्षणसेवक योजना आली, पहिली तीन वर्षं फक्त मानधन. तेव्हा प्राथमिकला महिन्याचे ३,००० मिळायचे, २०२३ पासून १६,००० झाले. गावानं मला पहिल्या दिवशी गुरुजी केलं, बँकेनं कर्जासाठी तीन वर्षं थांबवलं. एवढंच.

काळा कोट

मिहानीनं आमचा कोट काढला म्हणून लिहितो. बार कौन्सिलच्या नियमानुसार उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, पण सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून. म्हणजे मेमध्ये जिल्हा न्यायालयात मी पांढऱ्या शर्टावर, नेकबँड लावून उभा राहू शकतो आणि सिव्हिल लाइन्समधल्या खंडपीठात त्याच ४५ डिग्रीत कोट-गाऊन. पण खरं सांगू? जिल्हा न्यायालयातही मी कोट काढत नाही. काढला की पक्षकार मला मुन्शी (वकिलाचा कारकून) समजून फाइल धरायला देतो.

ज्युनियर असताना तर कोट असूनही कोणी विचारत नव्हतं. एकच प्रश्न, 'सीनियर कोण?' वकालतनाम्यावर फक्त माझं नाव आलं त्या दिवशी तो थांबला. लेडी ज्युनियर्सना अजूनही 'मॅडम, साहेब कधी येणार' विचारतात, त्या साहेब स्वतःच असल्या तरी.

धंतोलीची यांना सांगतो, तुमच्या सहीला जसा यूडीआयएन, तसा आमच्या युक्तिवादाला काही नाही. नाही तर अर्धा बार रूम रिकामा झाला असता.

कंट्रोल रूम (निवृत्त)

औष्णिक वीज केंद्रात शिफ्ट इंजिनीअर होतो. घरात पंखा मंदावला की 'फ्रिक्वेन्सी पडली काय' म्हणतो. बायको म्हणते, कपॅसिटर गेला असेल. बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या आत ठेवायची असते, त्यात पंख्याला काही कळतही नाही. हे मला पाठ आहे, तरी तोंडून तेच निघतं.

खांबावरची, तुमचं न चढणं वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी लाइनवर कोणी काम करतंय का ते परमिट बुकात न बघता ब्रेकर लावून लाइन चार्ज करायला सांगणारे साहेब होते. मी नकार दिला की कंट्रोल रूममध्ये शांतता व्हायची.

खांबावरची

काका, तुमच्या काळी लेखी नकार चालायचा का? आमच्याकडे फोनवर सांगतात, पुरावा राहत नाही. म्हणून मी परमिट नंबर आणि वेळ वहीत लिहून घेते.

आणि काळा कोट भाऊ, तुम्हाला जिल्ह्यात सूट तरी आहे. ४५ डिग्रीत रबरी हातमोजे काढून चालत नाहीत.