'लुसोफोन'ला मराठीत काय म्हणायचं? पोर्तुगीज भाषिक, भाषक की अजून काही?

कातरवेळ
नमस्कार मंडळी, एका शब्दाने चार दिवस डोकं उठवलंय. एका दिवाळी अंकासाठी लेख अनुवाद करतेय. विषय असा की पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांत टीव्ही मालिका, गाणी वगैरे इकडून तिकडे कशी जातात. मूळ लेखात दर दोन ओळींनी 'लुसोफोन'. मी आपलं सगळीकडे 'पोर्तुगीज भाषिक' करून मोकळी झाले. संपादकांनी खर्डा परत पाठवला, समासात दोन लाल शेरे. एक, 'भाषिक नव्हे, भाषक'. दुसरा या वाक्यावर: "१९७७ साली पोर्तुगालच्या टीव्हीवर पहिली ब्राझिलियन मालिका लागली, 'गाब्रिएला', आणि पुढे पोर्तुगीज मालिकांनी अंगोला-मोझांबिकपर्यंत मजल मारली." शेरा: 'कुणाच्या? पोर्तुगालच्या की ब्राझीलच्या?'
मला म्हणायच्या होत्या ब्राझीलच्या. पण मराठीत ती भाषा, तो माणूस आणि वसईच्या किल्ल्यातला तो राज्यकर्ता, तिघांना मिळून एकच शब्द, पोर्तुगीज. आणि 'लुसोफोन' तसाच ठेवला तर वाचकाला मोबाईलचा ब्रँड वाटेल. काय करू?

शब्दखोर
संपादकांचा पहिला शेरा शंभर टक्के बरोबर. भाषिक हे विशेषण. भाषिक प्रांतरचना, भाषिक अल्पसंख्याक. जो बोलतो तो भाषक. राहता राहिला 'लुसो'. तो लुसितानियावरून आलाय, रोमन काळातला प्रांत, आजचा बराचसा पोर्तुगाल त्यात होता. तेव्हा 'लुसभाषक' करा. आटोपशीर आहे, अर्थ चोख आहे. नवा शब्द घडवायला आपण उगाच घाबरतो, मराठीची चावी शेवटी संस्कृतातच आहे.

पावउसळ
लुसभाषक म्हणजे लुसलुशीत पाव खाणारा का? मग मी आहे.
आणि ओ शब्दखोर, चावी पोर्तुगीज आहे, 'शाव्ह'. किल्ली म्हणा किल्ली 😄

खानापूर_नाका
भाषिक चूक कसं काय? आमच्या बेळगावात दोन पिढ्या 'मराठी भाषिक' म्हणून मोर्चे काढतायत, निवेदनं देतायत, पेपरात तेच, बॅनरवर तेच, आता तुम्ही म्हणणार की ते सगळे विशेषण होते?

शब्दखोर
बॅनरवर लिहिलं म्हणून शुद्ध होत नाही.

खानापूर_नाका
आणि कोशात लिहिलं म्हणून कुणी बोलत नाही.

तेजूकाठ
सहा वर्षं लिस्बनला आहे म्हणून थोडं. कातरवेळ, तुमच्या संपादकांची शंका इथे रोज आमच्या घरात निघते. लेक पाच वर्षांची, इथल्याच बालवाडीत जाते. परवा बागेत हिरवळीकडे बोट दाखवून म्हणाली 'ग्रामा'. खालच्या मजल्यावरच्या आजी सोबत होत्या, त्यांनी लगेच टोकलं, 'रेल्व्हा, बाळा, रेल्व्हा'. बसला ही 'ओनिबुस' म्हणते, इथे म्हणतात 'औतोकार्रू'. फ्रीजला ब्राझीलचा शब्द, गोळीला (चॉकलेटवाली) ब्राझीलचा शब्द. ब्राझीलला ती जन्मात गेलेली नाही! सगळं यूट्यूबवरून, तिकडचे यूट्यूबर इथल्या पोरांना पाठ आहेत. आजी म्हणतात तुमची मुलगी ब्राझिलियन बोलते, आणि आमच्या सौ. वैतागून म्हणतात, दोन्ही राहू दे, तू गवत म्हण.
हे फक्त हिचं नाही, इथल्या अस्सल पोर्तुगीज पोरांचंही असंच चाललंय आणि त्यावर पेपरात बरीच रडारड होऊन गेलीय. गंमत म्हणजे त्याच आज्या स्वतः ब्राझीलच्या मालिका बघत म्हाताऱ्या झाल्यात. त्यामुळे इकडच्यांना ब्राझीलचं बोलणं सहज कळतं पण उलटं नाही. पोर्तुगालचं काही ब्राझीलमध्ये दाखवायचं तर कधी खाली सबटायटल, कधी चक्क डबिंग. एकच भाषा असून!

पावउसळ
वऱ्हाडी पिक्चरला पुण्यात सबटायटल दिल्यासारखं.

तेजूकाठ
अगदी. आणि गोंधळ नुसता उच्चारांचा नाही. माझ्या ऑफिसात एक ब्राझीलचा पोरगा आहे, तो इथे एमएला लागला. युनिव्हर्सिटीचा मेल आला, अमुक तारखेच्या आत 'प्रोपिना' भरा. तो गारच पडला. इथे प्रोपिना म्हणजे कॉलेजची फी. त्यांच्याकडे प्रोपिना म्हणजे लाच.

पावउसळ
आपल्याकडे दोन्हीला मिळून डोनेशन म्हणतात, प्रश्न मिटला.

कातरवेळ
😂 हे लेखात घालता येणार नाही हे दुर्दैव.
तेजूकाठ, अजून एक अडलंय. लुआंडामधला तो मोठा उघड्यावरचा बाजार, ब्राझीलच्या १९८५ च्या मालिकेवरून ज्याचं नाव पडलं, तो देवनागरीत कसा लिहू? मी 'रोक सांतेइरो' केलंय. मालिकेची कथाही भारी आहे. १९७५ ला लष्करी राजवटीच्या सेन्सॉरने अडवली, दहा वर्षांनी नव्याने काढली तर अख्खा ब्राझील टीव्हीसमोर, आणि तिकडे समुद्रापलीकडे अंगोलात यादवी चालू असताना बायाबापड्यांनी आपल्या बाजाराला तेच नाव दिलं. सरकारने नाही, लोकांनी दिलं, हे मला फार आवडलं. पुढे २०१० च्या सुमाराला बाजार तिथून उठवला, पण नाव अजून निघतं म्हणे.

तेजूकाठ
हाच तर घोळ. ब्राझीलमध्ये ते 'हॉकी'च्या जवळ जातं, हॉकी सांतेइरू. पोर्तुगालमध्ये 'रॉक', शेवटचा स्वर गिळून टाकतात. मालिका लिहायची तर एक, बाजार लिहायचा तर दुसरं.

शब्दखोर
मराठीत रोके सांतेरो करा. मूळ उच्चाराच्या मागे धावू नये, आपण पॅरिसला पारी म्हणत नाही.

सांजसावली
तुम्ही सगळे मालिका मालिका करताय पण पोर्तुगीज म्हटलं की मला एकच शब्द आठवतो, सौदादे!! जगातल्या कुठल्याच भाषेत त्याला प्रतिशब्द नाही म्हणतात. मराठीत 'हुरहूर' चालेल का?

पावउसळ
आलं. मी विचार करतच होतो अजून कसं नाही आलं.

तेजूकाठ
हुरहूर वाईट नाही. पण तिथेही तीन उच्चार आहेत बरं का. इथे सौदाद, रिओकडे सौदाजी, आणि केप व्हर्देच्या गायिका सेझारिया एव्होराने जो जगभर पोचवला तो त्यांच्या क्रिओलमधला (पोर्तुगीज आणि स्थानिक भाषांच्या मिसळीतून झालेली बोली) सोदाद. कुणाची हुरहूर घेताय सांगा.

मांडवीचो_वारो
गोव्यातून. २०१४ ला आमच्याकडे लुसोफोनिया गेम्स झाले. पहिले मकाव २००६, मग लिस्बन २००९, तिसरे आमचे. पणजीभर पोस्टर. आमच्या वाड्यावरचे एक आजोबा, मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेलेले, पोस्टर वाचून मला विचारतात, 'लुसोफोनिया म्हणजे कितें रे, न्यूमोनियासारखें?' मी सांगितलं अमुक अमुक. ते म्हणाले, म्हणजे पाखल्यांचे (गोऱ्या पोर्तुगीजांचे) खेळ. मी म्हटलं आजोबा, ब्राझीलचे, मोझांबिकचे, तिमोरचे पोरगे खेळतायत, पाखले कुठे आले. 'पण नाव कोणाचें?' संपला विषय. त्यांच्यापुढे मी काय बोलणार होतो.
म्हणून सांगतो, मराठी-कोंकणीत 'पोर्तुगीज' शब्दाला जो वास आहे तो ब्राझीलमध्ये नसेल. अनुवादात हा वास येणारच, भाषक लावा नाहीतर भाषिक लावा.
बाकी त्यांची जी संघटना आहे, १९९६ ला लिस्बनमध्ये झालेली, तिच्या अधिकृत नावात लुसोफोन नाहीच. शब्दशः 'पोर्तुगीज भाषेच्या देशांचा समुदाय'. भारतही २०२१ पासून तिथे निरीक्षक आहे. तेच वापरा ना, 'पोर्तुगीज भाषेचे देश'.

कातरवेळ
हे बरं आहे. पण माणसांना काय? 'पोर्तुगीज भाषेची माणसं'?

खानापूर_नाका
भाषिक 🙂

शब्दखोर
भाषक.

मांडवीचो_वारो
मग हे बघा. त्या संघटनेत नऊ देश. शेवटचा आला इक्वेटोरियल गिनी, २०१४ ला, तिथे लोक बोलतात स्पॅनिश. मोझांबिकमध्ये पोर्तुगीज सरकारी भाषा, पण बहुतेकांच्या घरात मकुवा नाहीतर दुसरी एखादी. आता सांगा भाषक कोण.

कुंडलिकातीर
हा प्रश्न आमच्या गावाकडे उलटा आहे. मी रेवदंड्याचा. पूल ओलांडला की कोर्लई. तिथे किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीजवरून झालेली क्रिओल बोलतात, आपसात तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले, त्यानंतर ही माणसं त्या भाषेपासून तुटलीच, तरी बोली टिकवली. शब्द तिकडचे पण वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी. माझ्या वर्गात होती तिकडची पोरं. शाळेत आमच्यासारखी मराठी, बाजारात भाजी विकताना मराठी, आणि आईने हाक मारली की एका क्षणात गाडी बदलायची. आम्ही बघत बसायचो. यांना कुठल्याच समुदायाचं सभासदत्व नाही, खेळांनाही कुणी बोलावलं नाही. तुमच्या लुसोफोनमध्ये ती येतात का?

कातरवेळ
हे मला अजिबात माहीत नव्हतं. अलिबागला दहा वेळा जाऊन आलेय.

पावउसळ
आपण सगळेच थोडे लुसोफोन आहोत. बटाटा, पाव, कोबी, पगार, घमेलं, पिंप, परात, बिजागरी, तुरुंग, लिलाव, पेरू.

शब्दखोर
पेरू नाही. पेरू हे पेरू देशावरून.

पावउसळ
देश नाही हो. 'पेरा' म्हणजे त्यांचं नासपती, त्यावरून.

तेजूकाठ
इथे 'पेरू' म्हणजे टर्की पक्षी. नाताळात पेरू भाजतात. आपल्या पेरूला इथे 'गोयाबा'. आणि त्या पक्ष्याला तुर्कस्तानात 'हिंदी' म्हणतात, त्यामुळे कुणी कुणाला काय शिकवावं.

सांजसावली
मग अननस?

तेजूकाठ
ते पोर्तुगालचं आणि आपलं सारखंच, अनानास. शब्द मुळात ब्राझीलच्या तुपी लोकांचा, पण ब्राझीलमध्येच आता जास्त करून 'अबाकाशी' म्हणतात. अनानास तिथून निघून आपल्याकडे राहायला आलं.

खानापूर_नाका
साबण?

शब्दखोर
अरबी.

पावउसळ
पोर्तुगीज. 'साबांव'.

शब्दखोर
अरबी साबून आधीपासून होतं. फारसीतून आलं. उगाच सगळं फिरंग्यांच्या पदरात टाकू नका.

कातरवेळ
मंडळी, आज मुदत संपली. मी सगळीकडे 'पोर्तुगीज बोलणारे' केलं, आणि जिथे ब्राझील म्हणायचं होतं तिथे सरळ ब्राझील लिहिलं. चाळीस जागी शोधून शोधून. संपादकांचा मेल आला, 'ठीक, पण लांबलंय, दोन पानं कापा'. कोर्लईवर चौकट टाकू का विचारलंय.

शब्दखोर
बोलणारे म्हणजेच भाषक. एका शब्दाच्या जागी चार अक्षरं वाढवून काय मिळवलंत.

खानापूर_नाका
वाचणाऱ्याला कळलं, हे मिळवलं.

पावउसळ
पण पेरूचं ठरलं नाही.

कुंडलिकातीर
रविवारी कोर्लईला एक लग्न आहे. तिथल्या एखाद्या म्हातारीला विचारून सांगतो, त्या पेरूला काय म्हणतात.